नॉनलिनियर आयव्ही स्टेप बाय स्टेप: हॅट टाकून मोकळं व्हायची सवय आधी सोडा

आयव्ही म्हणजे इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल: न दिसणाऱ्या गोष्टींशी गुंतलेल्या एक्सचा परिणाम, त्या गोष्टींशी संबंध नसलेल्या तिसऱ्या व्हेरिएबलच्या (इन्स्ट्रुमेंटच्या) मदतीने काढायचा. लिनियर आयव्ही नीट येणाऱ्या माणसाची गाडीसुद्धा नॉनलिनियरमध्ये, म्हणजे मॉडेल सरळ रेषेचं नसताना, एकाच ठिकाणी घसरते. पहिला टप्पा, म्हणजे इन्स्ट्रुमेंटवरून एक्सचा अंदाज, ओएलएसने (साध्या रिग्रेशनने) चालवायचा, प्रेडिक्टेड व्हॅल्यू म्हणजे आपलं एक्स-हॅट काढायचं, ते उचलून पॉयसनमध्ये (काउंटसाठीचं मॉडेल) किंवा प्रोबिटमध्ये (होय-नाहीसाठीचं) टाकायचं, नाहीतर त्याचा वर्ग करून दुसऱ्या टप्प्यात घालायचा. सॉफ्टवेअर काही बोलत नाही, टेबल येतं, स्टार येतात, चॅप्टर लिहून होतो, आणि व्हायव्हाला कुणीतरी शांतपणे विचारतं की हे फॉरबिडन रिग्रेशन, म्हणजे नॉनलिनियर मॉडेलमध्ये हॅट घालायची ती चुकीची पद्धत, नाहीये का.

का चालत नाही ते दोन आकड्यांत कळतं. २ आणि ४ घ्या. सरासरी ३, तिचा वर्ग ९. पण वर्गांची सरासरी काढली तर (४ + १६) भागिले २, म्हणजे १०. एक्स-हॅट ही एक प्रकारची सरासरीच आहे, तिला वर्गात, एक्स्पोनेन्शियलमध्ये किंवा प्रोबिटच्या फंक्शनमध्ये घातलं की हा ९ आणि १० मधला फरक तुमच्या कोइफिशियंटमध्ये मुरतो, आणि सँपल कितीही वाढवलं तरी जात नाही.

तर खाली पूर्ण क्रम देतोय. सगळीकडे एकच उदाहरण धरलंय, मरोझचा डेटा: अमेरिकेतल्या ७५३ विवाहित बायका, १९७५ सालची माहिती, त्यातल्या ४२८ नोकरी करणाऱ्या. हा डेटा फुकट मिळतो, आर या सॉफ्टवेअरच्या वूल्ड्रिज पॅकेजमध्ये आहे, ग्रेटल या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या सँपल फाइलींमध्येही आहे. प्रश्न साधा आहे, शिक्षणाने तासाची मजुरी किती वाढते. शिक्षण एंडोजिनस (मजुरीवर परिणाम करणाऱ्या न दिसणाऱ्या गोष्टींशी गुंतलेलं), कारण अंगची हुशारी शिक्षणातही दिसते आणि मजुरीतही. इन्स्ट्रुमेंट म्हणजे आईचं शिक्षण आणि वडलांचं शिक्षण. कंट्रोल म्हणजे अनुभव आणि अनुभवाचा वर्ग. कमांडची नावं मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करा.

१. सॉफ्टवेअर उघडायच्या आधी कागदावर मॉडेल लिहा

ही पायरी सगळे टाळतात. कागदावर फक्त एक ओळ लिहायची असते: एरर (मॉडेलने न पकडलेला भाग) कुठे बसलाय? आपल्या उदाहरणात मजुरी शून्याच्या वर असते आणि टक्क्यांत वाढते, म्हणून एक्स्पोनेन्शियल मॉडेल घेऊ. आता इंडेक्स म्हणजे कॉन्स्टंट अधिक बी गुणिले शिक्षण अधिक अनुभवाच्या दोन टर्म. दोन शक्यता आहेत.

पहिली, ॲडिटिव्ह: मजुरी = एक्स्प(इंडेक्स) + एरर. मग रेसिड्युअल म्हणजे मजुरी − एक्स्प(इंडेक्स).

दुसरी, मल्टिप्लिकेटिव्ह: मजुरी = एक्स्प(इंडेक्स) × एरर, आणि या एररची सरासरी १. मग रेसिड्युअल म्हणजे मजुरी ÷ एक्स्प(इंडेक्स) − १.

दोन्हीत अट तीच, रेसिड्युअलचा इन्स्ट्रुमेंटशी संबंध नको. पण ही दोन वेगळी मॉडेलं आहेत, एकाच इन्स्ट्रुमेंटवर दोन्ही अटी एकाच वेळी खऱ्या असणं साधारणपणे जमत नाही, त्यामुळे "दोन्ही चालवले आणि जे सिग्निफिकंट आलं ते ठेवलं" हे करू नका. निवड विचाराने करायची असते. न दिसणारी हुशारी ही शिक्षण-अनुभवासारखीच मजुरी टक्क्यांनी वर-खाली करते असं वाटत असेल (आणि मजुरीच्या बाबतीत ते पटण्यासारखं आहे) तर ती एक्स्पोनेन्शियलच्या आतच असायला हवी, म्हणजे मल्टिप्लिकेटिव्ह. मी तोच धरतोय.

थांबा: स्टाटा या सॉफ्टवेअरमधली आयव्हीपॉयसन कमांड काही सांगितलं नाही तर ॲडिटिव्ह धरते. मल्टिप्लिकेटिव्ह हा ऑप्शन स्वतः लिहावा लागतो. निम्म्या लोकांना आपण कुठलं मॉडेल चालवलं हेच माहीत नसतं, ते यामुळे.

आणि कमांडच्या नावात पॉयसन आहे म्हणून दचकू नका. मजुरी काही काउंट नाहीये, पण इथे पॉयसन डिस्ट्रिब्युशन कुणी मानतच नाही, फक्त सरासरीचा आकार एक्स्पोनेन्शियल आहे एवढंच मानलंय. दशांशातल्या व्हॅल्यू चालतात, निगेटिव्ह चालत नाहीत.

२. डेटा: शून्य, मिसिंग आणि स्केल

या पायरीवर माझे स्वतःचे एकदा तीन आठवडे गेलेत म्हणून जरा लांबण लावतो.

मरोझच्या काही फाइलींमध्ये नोकरी न करणाऱ्या ३२५ बायकांची मजुरी मिसिंग आहे, तर काही फाइलींमध्ये ती शून्य लिहिलेली आहे. लॉग घेणाऱ्या लिनियर मॉडेलला याने फरक पडत नाही, कारण शून्याचा लॉग निघतच नाही, त्या ओळी आपोआप गळतात आणि उरतात ४२८. एक्स्पोनेन्शियल मॉडेलमध्ये मात्र शून्य मजुरी अगदी आनंदाने आत येते, काहीही अडत नाही, आणि तुम्ही ७५३ बायकांवर वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर काढून बसता. मी हेच केलं होतं (डेटा वेगळा होता), लॉगवाल्या आणि एक्स्पवाल्या रिझल्टमध्ये एवढा फरक का येतो म्हणून इन्स्ट्रुमेंटला शिव्या देत बसलो आणि चूक होती ओळी मोजण्यात.

तपासा: प्रत्येक कमांडच्या आउटपुटवर ऑब्झर्वेशन किती ते बघा. या उदाहरणात ४२८. पहिला टप्पा वेगळा चालवत असाल तर तिथेही ४२८च हवेत, कारण शिक्षण आणि आई-वडलांचं शिक्षण सगळ्या ७५३ जणींचं आहे, तुम्ही सांगितलं नाही तर सॉफ्टवेअर पहिला टप्पा ७५३ वर चालवणार. आधीच एक सँपल व्हेरिएबल करून ठेवा, ज्या ओळीत सगळं उपलब्ध तिथे १, बाकी ०, आणि प्रत्येक कमांडला तीच अट लावा.

(फक्त नोकरी करणाऱ्या बायका घेतल्या की सिलेक्शनचा (नोकरी करणाऱ्या मुळातच वेगळ्या असण्याचा) प्रश्न उरतोच. तो वेगळा विषय आहे, आयव्हीने तो सुटत नाही, लेखात तसं एका वाक्यात कबूल करा.)

आता स्केल. एक्स्पोनेन्शियलमध्ये ७१० घातलं की कॉम्प्युटरची नेहमीची डबल प्रिसिजन संपते, उत्तर इन्फिनिटी किंवा मिसिंग येतं. वार्षिक उत्पन्न रुपयांत ठेवलं, समजा ३,००,०००, आणि शोधताना कोइफिशियंट क्षणभर ०.०१ झाला, तरी गुणाकार ३,००० होतो, खेळ खल्लास. मग मेसेज येतो की फंक्शन काढता येत नाही, आणि माणूस मॉडेल बदलायला जातो. मॉडेल बदलू नका, उत्पन्न लाखांत करा. अनुभवाचा वर्गही हजाराच्या वर जातो, तो १००ने भागून ठेवा. असं केलं की सगळे व्हेरिएबल साधारण ० ते ४० मध्ये बसतात आणि पुढची अर्धी डोकेदुखी इथेच संपते. किती भागलं ते मात्र डू-फाइलमध्ये (कमांडच्या फाइलमध्ये) लिहून ठेवा, शेवटी अर्थ लावताना उलटं गुणायचंय.

३. आधी लिनियर चालवा, ताकद बघा

नॉनलिनियरकडे थेट उडी मारायची नाही. लॉग मजुरी घेऊन साधं टूएसएलएस (दोन टप्प्यांची नेहमीची लिनियर आयव्ही) चालवा. ४२८ बायकांवर शिक्षणाचा कोइफिशियंट ०.०६१ येतो, स्टँडर्ड एरर ०.०३१. कॉन्स्टंट ०.०४८, अनुभव ०.०४४, अनुभवाचा वर्ग −०.०००९. ओएलएसला शिक्षण ०.१०८ येतं. हे आकडे तुमच्या स्क्रीनवर आले नाहीत तर पुढे जाऊ नका, डेटातच काहीतरी गडबड आहे.

पहिल्या टप्प्यात आई आणि वडील दोघांच्या शिक्षणाचा एकत्र एफ (इन्स्ट्रुमेंटच्या ताकदीची टेस्ट) ५५ च्या वर येतो. १० च्या वर हवा हा नियम स्टायगर आणि स्टॉक यांच्या १९९७ च्या पेपरपासून रूढ झालाय आणि तो लिनियरसाठी आहे, नॉनलिनियरला तो फक्त पहिली चाळणी म्हणून वापरायचा. पण चाळणीतच अडकलं तर पुढे काही होत नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

कमकुवत इन्स्ट्रुमेंट कसं दिसतं ते बघायचं असेल तर वूल्ड्रिज पॅकेजमधलीच बाळाच्या वजनाची फाइल उघडा, १,३८८ ओळींची. गरोदरपणात सिगरेटची रोज किती पाकिटं ओढली हे एंडोजिनस, सिगरेटची किंमत हे इन्स्ट्रुमेंट. ऐकायला किती छान वाटतं. पहिल्या टप्प्यात किंमतीचा कोइफिशियंट ०.०००३ येतो, म्हणजे किंमत वाढली की पाकिटं वाढतात, उलटंच, आणि आर-स्क्वेअर चार दशांशांपर्यंत शून्य. आयव्हीचं उत्तर येतं २.९९, स्टँडर्ड एरर ८.७०. डिपेंडंट व्हेरिएबल लॉगमध्ये आहे हे लक्षात घ्या, म्हणजे आईने रोज एक पाकीट ओढलं की बाळाचं वजन कितीतरी पटींनी वाढतं असं हे मॉडेल सांगतंय. लिनियरमध्ये निदान असं उघडं हास्यास्पद उत्तर येतं, नॉनलिनियरमध्ये तेच इन्स्ट्रुमेंट घातलं तर नुसतं "कन्व्हर्ज झालं नाही" येतं आणि माणूस दोन दिवस ऑप्टिमायझरशी भांडत बसतो.

४. मोमेंट लिहा आणि इन्स्ट्रुमेंटची पूर्ण यादी द्या

आता खरं काम. हॅट विसरा. जीएमएममध्ये (जनरलाइज्ड मेथड ऑफ मोमेंट्स) पहिला टप्पा, दुसरा टप्पा असं काही नसतंच. खरं शिक्षण, जसं डेटात आहे तसं, इंडेक्समध्ये जातं. इन्स्ट्रुमेंट फक्त रेसिड्युअलला गुणायला येतात. रेसिड्युअल गुणिले इन्स्ट्रुमेंट, याची सँपलमधली सरासरी (हीच मोमेंट) शून्याजवळ नेणारे कोइफिशियंट शोधायचे, बस.

स्टाटात दोन रस्ते आहेत. सोपा: आयव्हीपॉयसन जीएमएम, मग मजुरी, मग अनुभव आणि अनुभवाचा वर्ग, मग कंसात शिक्षण बरोबर आई-वडलांचं शिक्षण, स्वल्पविराम, मल्टिप्लिकेटिव्ह. दुसरा: सरळ जीएमएम कमांड, जिथे रेसिड्युअल स्वतः लिहायचा, पॅरामीटर महिरपी कंसात, आणि इन्स्ट्रुमेंट्स ऑप्शनमध्ये यादी. नेहमीच्या एक्स्पोनेन्शियलला पहिला पुरे, तुमचं मॉडेल जरा वाकडं असेल (सीईएस प्रॉडक्शन फंक्शन, ऑयलर इक्वेशन वगैरे) तर दुसराच लागतो.

ग्रेटलमध्ये जीएमएमचा ब्लॉक असतो: रेसिड्युअलची सिरीज, ऑर्थॉगच्या ओळीत ती सिरीज आणि अर्धविरामानंतर इन्स्ट्रुमेंटची लिस्ट, मग वेट्स, मग पॅराम्स, मग एंड. वेट मॅट्रिक्स (कुठल्या मोमेंटला किती वजन) आणि पॅरामीटरच्या सुरुवातीच्या व्हॅल्यू ब्लॉकच्या आधी तयार हव्यात. आरच्या जीएमएम पॅकेजला एक फंक्शन द्यायचं जे प्रत्येक ओळीसाठी रेसिड्युअल गुणिले प्रत्येक इन्स्ट्रुमेंट असं मॅट्रिक्स परत देईल, सोबत सुरुवातीच्या व्हॅल्यू.

थांबा, इथली चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघितलीये: यादीत फक्त आई-वडलांचं शिक्षण टाकतात. अनुभव आणि अनुभवाचा वर्ग हे एक्झोजिनस (एररशी संबंध नसलेले) आहेत, ते स्वतःचेच इन्स्ट्रुमेंट असतात, तेही यादीत हवेत. आयव्हीपॉयसन ते आपणहून धरते, स्टाटाची जीएमएम कमांड धरत नाही, ती फक्त कॉन्स्टंट आपणहून घालते. ग्रेटलच्या ब्लॉकमध्ये कॉन्स्टंटसुद्धा हाताने घालायचा. आरमध्ये साधं आयव्हीरेग वापरतानाही उभ्या दांडीनंतर एक्झोजिनस परत लिहावे लागतात.

तपासा: इन्स्ट्रुमेंट मोजा. कॉन्स्टंट, अनुभव, अनुभवाचा वर्ग, आई, वडील: ५. पॅरामीटर: कॉन्स्टंट, शिक्षण, अनुभव, अनुभवाचा वर्ग: ४. पाच वजा चार, एक जास्तीची अट. आउटपुटमध्ये 'जे टेस्ट'ची (जास्तीच्या अटी डेटाशी जुळतात का ते बघणाऱ्या टेस्टची) डिग्री ऑफ फ्रीडम १ दिसली नाही तर यादी चुकलीये.

शिक्षणाचा वर्गही मॉडेलमध्ये घ्यायचा असेल तर? मग एंडोजिनस दोन झाले, शिक्षण आणि शिक्षणाचा वर्ग, आणि वर्गासाठी वेगळी ताकद हवी, म्हणून आई-वडलांच्या शिक्षणाचे वर्ग आणि त्यांचा गुणाकार इन्स्ट्रुमेंटच्या यादीत टाका. एक्स-हॅटचा वर्ग इन्स्ट्रुमेंट म्हणून वापरला तरी चालतो. इन्स्ट्रुमेंट म्हणून! रेग्रेसर म्हणून नाही. फरक एका शब्दाचा वाटतो पण बरोबर आणि चूक यांच्यामधली भिंत तीच आहे.

५. आपला कोड आपणच पकडा

खरा रिझल्ट काढायच्या आधी दहा मिनिटं काढून हे करा. शिक्षण एक्झोजिनस आहे असं खोटंच समजा, म्हणजे इन्स्ट्रुमेंटच्या यादीत आई-वडलांऐवजी शिक्षणच टाका. आता ॲडिटिव्ह रेसिड्युअल लिहिला असेल तर तुमच्या जीएमएमचे कोइफिशियंट साध्या पॉयसन रिग्रेशनशी तंतोतंत जुळले पाहिजेत, कारण पॉयसनच्या फर्स्ट ऑर्डर कंडिशन अगदी त्याच आहेत. मल्टिप्लिकेटिव्ह असेल तर जीएलएममध्ये गॅमा फॅमिली आणि लॉग लिंक घेऊन जे येतं त्याच्याशी जुळले पाहिजेत. चौथ्या-पाचव्या दशांशापर्यंत. नाही जुळले तर कंस चुकलाय किंवा मायनस चुकलाय किंवा सँपल वेगळं आहे, आणि हे आत्ता कळलेलं बरं.

अजून एक चाचणी, ही तर फारच स्वस्त: इन्स्ट्रुमेंट आणि पॅरामीटर सारखेच असले (जसं आत्ता वर होतं, किंवा फक्त आईचं शिक्षण घेतलं तर) की क्रायटेरियन फंक्शन (सगळ्या मोमेंट मिळून शून्यापासून किती लांब, तो आकडा) शेवटी शून्य यायला हवं, म्हणजे दशांशानंतर दहा-पंधरा शून्यं असं काहीतरी. ०.०३ आलं आणि खाली "कन्व्हर्ज्ड" लिहिलं असलं तरी विश्वास ठेवू नका.

६. सुरुवातीच्या व्हॅल्यू द्या, आणि एकाच ठिकाणाहून निघू नका

स्टाटाची जीएमएम कमांड काही न सांगितल्यास सगळे पॅरामीटर शून्यापासून सुरू करते. आपल्याकडे टूएसएलएसचे आकडे आहेत की, ०.०४८, ०.०६१, ०.०४४, −०.०००९, तेच फ्रॉम ऑप्शनमध्ये द्या (वर्ग १००ने भागला असेल तर शेवटचा −०.०९ होईल, हे विसरतात). लॉग मॉडेलमधला एरर इन्स्ट्रुमेंटपासून पूर्ण स्वतंत्र असेल तर उतार दोन्हीकडे तेच असतात, फक्त कॉन्स्टंट बदलतो, त्यामुळे यापेक्षा चांगली सुरुवात मिळणार नाही.

मग आणखी चार-पाच ठिकाणांहून सुरू करून बघा: शून्य, ओएलएसचे आकडे, शिक्षण ०.२, शिक्षण −०.१. प्रत्येक वेळी क्रायटेरियन आणि कोइफिशियंट वहीत लिहा. सगळे एकाच जागी आले तर उत्तम. वेगवेगळ्या जागी आले तर ज्याचा क्रायटेरियन सगळ्यात लहान तो घ्यायचा, पण ही तुलना पहिल्या स्टेपच्या ठरलेल्या वेट मॅट्रिक्सवर करा. टू-स्टेपमध्ये वेट स्वतःच पहिल्या उत्तरावरून बनतात, तेव्हा दोन रनचे क्रायटेरियन एका तराजूत बसत नाहीत.

मल्टिप्लिकेटिव्ह वाल्यांसाठी एक खूण सांगतो. कॉन्स्टंट वाढत वाढत भलतीकडे पळाला की मजुरी ÷ एक्स्प(इंडेक्स) शून्याकडे जातं, रेसिड्युअल सगळ्यांचा −१ होतो, आणि नेहमीच्या सुरुवातीच्या वेटवर क्रायटेरियन बरोबर १ वर जाऊन सपाट होतो. इटरेशन लॉगमध्ये ०.९९९ असं काहीतरी अडकलेलं दिसलं की समजायचं, गाडी पठारावर जाऊन बसलीये. रन थांबवा, सुरुवात बदला, इटरेशनची मर्यादा वाढवून काहीही होणार नाही.

ग्रेटल किंवा आर वापरणाऱ्यांनो, पहिल्या स्टेपला वेट म्हणून आयडेंटिटी मॅट्रिक्स देण्याचा मोह होतो कारण लिहायला सोपा. पण मग ज्या इन्स्ट्रुमेंटचे आकडे मोठे तोच सगळं ओढून नेतो, आपल्याकडे अनुभवाचा वर्ग. त्यापेक्षा इन्स्ट्रुमेंटच्या क्रॉस-प्रॉडक्ट मॅट्रिक्सचा इनव्हर्स द्या.

७. कंट्रोल फंक्शनने करायचं असेल तर

हा दुसरा रस्ता, आणि इथेच पहिला टप्पा वेगळा असतो, त्यामुळे गोंधळही इथेच. शिक्षण हे सगळ्या इन्स्ट्रुमेंटवर आणि सगळ्या कंट्रोलवर ओएलएसने चालवा, रेसिड्युअल काढा. दुसऱ्या टप्प्यात खरं शिक्षण आणि सोबत हा रेसिड्युअल, दोन्ही टाका. हॅट नाही, रेसिड्युअल. लिनियर मॉडेलमध्ये दोन्हींनी शिक्षणाचा एकच कोइफिशियंट येतो म्हणून लोकांना वाटतं की कुठलंही चालेल, नॉनलिनियरमध्ये ते समीकरण तुटतं.

फायदा असा की रेसिड्युअलच्या कोइफिशियंटवरून एंडोजिनिटीची टेस्ट फुकटात मिळते. आपल्या लिनियर उदाहरणात त्याचा टी १.६७ येतो, म्हणजे काठावर. तोटा असा की पहिला टप्पा बरोबर असणं आता गरजेचं होतं, जीएमएममध्ये ते नव्हतं.

स्टँडर्ड एरर मात्र छापून आलेले वापरू नका, रेसिड्युअल हा स्वतः अंदाजाने काढलेला आहे. आयव्हीपॉयसनचा सीफंक्शन हा प्रकार दोन्ही टप्पे एकत्र सोडवतो, तिथे प्रश्न नाही. हाताने करत असाल तर बूटस्ट्रॅप (ओळी पुन्हापुन्हा चिठ्ठीने उचलून सगळं परत चालवणं), आणि बूटस्ट्रॅपच्या आत दोन्ही टप्पे हवेत, नुसता दुसरा नाही. सीड ठरवा, किमान ५०० वेळा फिरवा, आणि डेटा गावागावांतून घेतला असेल तर ओळी नाही, अख्खी गावं उचला.

थांबा: एंडोजिनस व्हेरिएबल होय-नाही प्रकारचा असेल, समजा पीक विमा घेतला की नाही, आणि परिणामही होय-नाही असेल, तर आयव्हीप्रोबिट लावू नका. ती कमांड एंडोजिनस व्हेरिएबल सलग, नॉर्मल एररवाला आहे असं मानते. चालते ती, एरर देत नाही, हाच घोळ आहे. अशा वेळी बायप्रोबिटमध्ये (दोन प्रोबिट एकत्र) विमा परिणामाच्या समीकरणाच्या उजव्या बाजूलाही घ्या, किंवा स्टाटा १५ पासून आलेल्या ईप्रोबिटमध्ये एंडोजिनसला प्रोबिट सांगा, किंवा सरळ लिनियर टूएसएलएस करा आणि तसं लिहा. ते शेवटचं कमीपणाचं नाही, बऱ्याच वेळा तेच शहाणपणाचं असतं.

८. रिझल्ट आल्यावर, टेबल बनवायच्या आधी

रोबस्ट स्टँडर्ड एरर, गरज असेल तर क्लस्टर. यावर जास्त बोलत नाही.

जे टेस्ट: फक्त एफिशियंट वेट वापरल्यावरच तिला अर्थ आहे, म्हणजे टू-स्टेप किंवा इटरेटेड. ग्रेटलचा ब्लॉक काही सांगितलं नाही तर वन-स्टेपच करतो, हे लक्षात ठेवा. एक डिग्री ऑफ फ्रीडमला ५ टक्क्यांची काय-स्क्वेअर व्हॅल्यू ३.८४. लिनियर मॉडेलमध्ये आपल्या उदाहरणाची पी-व्हॅल्यू ०.५३ च्या आसपास येते, म्हणजे टेस्टला आक्षेप नाही. पण नीट विचार करा, आई आणि वडील दोघांचं शिक्षण एकाच घरातून येतं. घरच्या वातावरणाचा मजुरीवर थेट परिणाम होत असेल तर दोन्ही इन्स्ट्रुमेंट एकाच दिशेने चुकलेले असतील आणि जे टेस्ट काहीच बोलणार नाही, दोन चोर एकमेकांची साक्ष देतायत असं ते आहे. "जे टेस्ट पास झाली, म्हणून इन्स्ट्रुमेंट व्हॅलिड" हे वाक्य लिहू नका.

ताकद पुन्हा तपासा, आता नॉनलिनियरच्या हिशोबाने. रेसिड्युअलचा शिक्षणाच्या कोइफिशियंटनुसार डेरिव्हेटिव्ह काढा, मल्टिप्लिकेटिव्हमध्ये तो (चिन्ह सोडलं तर) शिक्षण × मजुरी ÷ एक्स्प(इंडेक्स) असतो, सापडलेल्या उत्तरावर. इतर पॅरामीटरचे डेरिव्हेटिव्हही तसेच, शिक्षणाच्या जागी १, अनुभव आणि अनुभवाचा वर्ग घालून. या चार सिरीज पाच इन्स्ट्रुमेंटवर चालवा आणि चार फिटेड सिरीज एकमेकींच्या जवळजवळ कॉपी तर नाहीयेत ना ते बघा. तशा असल्या तर लिनियरचा एफ कितीही छान असो, इथे ओळख पुसट आहे.

मजुरी ÷ एक्स्प(इंडेक्स) याची सगळ्यात मोठी व्हॅल्यू पण बघा. मल्टिप्लिकेटिव्हमध्ये जिथे फिटेड मजुरी बारीक आणि खरी मजुरी मोठी अशा दोन-तीन ओळी अख्खा रिझल्ट हलवू शकतात. त्या काढून एकदा चालवा, काढून टाका असं म्हणत नाही, फरक किती पडतो ते नोंदवा.

९. अर्थ लावताना

कोइफिशियंट ०.०६१ असेल तर एक्स्प(०.०६१) − १, म्हणजे एक वर्ष शिक्षणाला साधारण ६.३ टक्के. छोट्या आकड्याला फरक कळत नाही, ०.५ आला असेल तर ५० नाही, ६५ टक्के होतात. अनुभवाचा वळणबिंदू काढताना, ०.०४४ भागिले दोनदा ०.०००९, २४-२५ वर्षं, इथे १००ने भागलेलं परत फिरवलं का, आणि एकदाच फिरवलं का ते बघा. अडीच हजार वर्षांच्या अनुभवाला मजुरी घसरू लागते असं मी एका ड्राफ्टमध्ये वाचलंय.

डॉलरमध्ये परिणाम सांगायचा असेल तर मल्टिप्लिकेटिव्ह मॉडेलमध्ये एका व्यक्तीसाठी तो कोइफिशियंट गुणिले तिची खरी मजुरी असतो, म्हणून सरासरी परिणाम म्हणजे कोइफिशियंट गुणिले सरासरी मजुरी. ४२८ जणींची सरासरी तासाला ४.१८ डॉलर आहे, ०.०६१ धरलं तर साधारण २५ सेंट. एक्स्प(इंडेक्स)ची सरासरी घेऊन गुणू नका, शिक्षण एंडोजिनस आहे म्हणजेच एररचा शिक्षणाशी संबंध आहे, ती सरासरी मजुरीच्या सरासरीइतकी असेलच असं नाही.

टेबलाखालच्या नोटमध्ये एवढं तरी लिहा: रेसिड्युअल ॲडिटिव्ह की मल्टिप्लिकेटिव्ह, इन्स्ट्रुमेंटची पूर्ण यादी, वन-स्टेप की टू-स्टेप, स्टँडर्ड एरर कुठले, किती सुरुवातींहून चालवलं, सॉफ्टवेअरचं व्हर्जन. आणि बाजूच्या कॉलमात साधं टूएसएलएस ठेवा. दोन कॉलम एकमेकांपासून खूप लांब असतील तर आधी पायरी २ वर परत जा, ओळी मोजा.